भिंत पाहून गोंद

१. दुकानातला प्रश्न

"भाऊ, भिंतीले पॅनल लावाचे हायेत, सगळ्यात पक्का गोंद कोनता हाये?" वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव यांपैकी कोणत्याही गावच्या हार्डवेअरच्या दुकानात हा प्रश्न आता नित्याचा झाला आहे. दिवाणखान्याच्या एका भिंतीला रंगाऐवजी पीव्हीसीचे, दाबलेल्या भुशाचे किंवा संगमरवराचा आभास देणारे पॅनल लावण्याची चाल पडल्यापासून, ज्या दुकानदाराने आयुष्यभर खिळे, चुका आणि बिजागऱ्या विकल्या, त्याच्यावर रसायनशास्त्रातला निवाडा देण्याचा प्रसंग ओढवला आहे. तो बिचारा मांडणीवरची सर्वांत महागडी नळी पुढे करतो, ग्राहक ती घेऊन जातो, आणि बहुधा पहिल्याच उन्हाळ्यात पॅनलचा एक कोपरा भिंतीपासून बोटभर सुटून उभा राहतो. मग फिर्याद दाखल होते ती गोंदाविरुद्ध.

या मामल्यात गोंद बहुतेक वेळा निर्दोष असतो. सुटून आलेले पॅनल उलटे करून उजेडात धरावे म्हणजे खरा प्रकार कळतो. गोंदाची वळी पॅनलच्या पाठीला जशीच्या तशी घट्ट बसलेली असते आणि तिच्या दुसऱ्या अंगाला भिंतीवरच्या डिस्टेंपरचा किंवा पुट्टीचा पापुद्रा चिकटून आलेला दिसतो. गोंदाने ज्याला धरायचे त्याला चोख धरले होते. तो रंगच भिंतीला धरून नव्हता. यास्तव कोणता गोंद पक्का हे विचारण्यापूर्वी भिंत कशी आहे, तिच्यावर ऊन आणि पाणी किती येते आणि पॅनल कशाचे आहे, हे तीन प्रश्न याच अनुक्रमाने विचारले पाहिजेत, आणि छापाचे नाव सर्वांत शेवटी. प्रस्तुत प्रकरणाचा क्रमही तोच ठेवला आहे. मात्र तत्पूर्वी चिकटणे या क्रियेचा थोडा उलगडा करून घेणे इष्ट आहे.

२. चिकटणे म्हणजे काय घडते

कोणत्याही पदार्थाचे कण एकमेकांना आकर्षित करतात, परंतु हे आकर्षण इतक्या सूक्ष्म अंतरावर चालते की दोन कोरड्या फळ्या कितीही दाबून धरल्या तरी, त्यांच्या पृष्ठभागांवरील अदृश्य उंचसखलपणामुळे, त्यांचा बहुतांश भाग परस्परांपर्यंत पोहोचतच नाही. मधली ही पोकळी जो द्रव भरून काढतो आणि भरून काढल्यावर तिथेच घट्ट होतो, तो गोंद. म्हणजे त्याची कामे दोन: आधी पसरणे, मग घट्ट होणे. तेलकट ताटलीवर पाणी थेंबाथेंबांनी गोळा होते आणि घासलेल्या ताटलीवर एकसारखे पसरते, हे प्रत्येक घरात दिसते. भिंतीवरील तेल, धूळ आणि भुकटी गोंदाच्या पसरण्याला अशीच आडवी येते, आणि जो पसरला नाही तो पुढे कितीही कठीण झाला तरी त्याचा उपयोग नाही.

घट्ट होण्याच्या रीती मात्र गोंदागणिक वेगळ्या आहेत, आणि निवडीचे अर्धे मर्म इथेच आहे. जुन्या काळी सुतार जनावरांची कातडी आणि हाडे उकळून काढलेला सरस वापरीत. तो गरम लावायचा, निवला आणि सुकला की धरायचा, आणि ओल लागली की पुन्हा मऊ पडायचा. १९५९ साली 'फेव्हिकॉल' बाजारात आला आणि सुताराच्या कामातून सरसाचे भांडे हळूहळू हद्दपार झाले. हा पांढरा गोंद म्हणजे पाण्यात विखुरलेले पॉलिव्हिनाइल ॲसिटेट नामक राळेचे बारीक कण. पाणी निघून गेले की कण एकमेकांत मिसळून अखंड पातळ थर तयार होतो. पाणी जायला वाट पाहिजे, ही त्याची एकच अट. लाकूड पाणी शोषून घेते म्हणून लाकडाला लाकूड जोडण्यात त्याच्या तोडीचा दुसरा गोंद क्वचितच सापडेल. परंतु तोच गोंद पीव्हीसीचे पॅनल आणि तैलरंगाची भिंत यांच्यामध्ये लावला तर दोन्ही बाजूंना पाण्याची वाट बंद असल्यामुळे तो आत दिवसेंदिवस पांढरा आणि ओलाच राहतो.

इतर गोंदांपैकी काहींतले द्रावक उडून जावे लागते, काही हवेतली आर्द्रता घेऊन घट्ट होतात, तर काहींत दोन घटक एकत्र मिसळले की रासायनिक क्रिया होऊन ते कठीण बनतात. कोणाला काय मिळाले पाहिजे हे ठाऊक असले की पुढचे बरेचसे आपोआप सुचते.

३. भिंतीची कैफियत

वर्धा जिल्ह्यातल्या भिंती एका जातीच्या नाहीत. खेड्यांत अजून मातीच्या, शेण आणि कुटार मिसळून सारवलेल्या भिंती आहेत. जुन्या वाड्यांत चुन्याचा गिलावा आहे. आणि गेल्या चाळीस-पन्नास वर्षांतली घरे विटांची, सिमेंटच्या गिलाव्याची आहेत. मातीच्या आणि भुसभुशीत झालेल्या चुन्याच्या भिंतीबाबत निकाल लगेच देऊन टाकावा: तिथे गोंद लावूच नये. त्या भिंतीचा वरचा थर नखानेही निघतो, आणि गोंद त्या थरापलीकडे पोहोचत नाही.

सिमेंटच्या भिंतीची मात्र तपासणी करावी. तळहात भिंतीवर जोराने फिरवावा. हाताला पांढरी भुकटी लागली तर चुना किंवा हलका डिस्टेंपर आहे असे समजून तो थर लोखंडी ब्रशने आणि पाण्याने काढून टाकावा. भुकटी लागली नाही तर ब्लेडने उभ्याआडव्या चार-पाच रेघा मारून चौकटी कराव्यात, त्यांवर रुंद चिकटपट्टी घट्ट दाबावी आणि झटक्याने ओढावी. पट्टीबरोबर रंगाचे तुकडे आले तर जिथे गोंदाच्या वळ्या पडणार तेवढ्या पट्ट्यांत तरी रंग खरवडून गिलावा उघडा करावा. हे काम कंटाळवाणे खरे, आणि मजुरीवर काम घेणारा मिस्त्री ते टाळण्याकडेच पाहतो. तथापि सबंध कामात पैशांचे मोल सर्वांत अधिक याच तासाभरात वसूल होते. गिलावा नवीन असेल तर त्याला निदान महिनाभर सुकू द्यावे.

यानंतर ओल. दीड फूट लांबरुंद पॉलिथीनचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने भिंतीवर बंद करावा आणि एक दिवस तसाच ठेवावा. आतल्या अंगाला बाष्प धरले तर पाणी भिंतीतून येत आहे. बाहेरच्या अंगाला धरले तर ते खोलीतल्या हवेतले. पायथ्याला पांढरा लोणा फुटलेला असेल तर ही चाचणीही नको, कारण जमिनीतले पाणी क्षार घेऊन विटांतून वर चढत असल्याचा तो पुरावाच आहे. अशा भिंतीवर पॅनल लावणे म्हणजे रोग झाकून ठेवणे. क्षार सुकताना त्यांचे स्फटिक फुगतात आणि गिलाव्याचे पोपडे गोंदासकट ढकलून काढतात. आधी ओलीचा बंदोबस्त, मग पॅनल.

आणखी एक गोष्ट या जिल्ह्याला विशेष लागू आहे. ज्या काळ्या जमिनीवर इथली कपाशी पोसली, तीच जमीन पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून हातहात भेगाळते. तिच्यावर उथळ पायाने उभ्या असलेल्या घराच्या भिंतींना यामुळे तिरप्या चिरा पडतात, आणि त्या चिरा ऋतूप्रमाणे रुंद-अरुंद होत राहतात. चीर स्थिर आहे की चालती, हे पाहण्याची सोपी तजवीज अशी की तिच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीने खुणा करून त्यांतले अंतर एकदा मे महिन्यात आणि एकदा सप्टेंबरात मोजावे. अंतर बदलले तर चिरेवरून एकसंध पॅनल नेऊ नये. तिथे पॅनलचा जोड आणावा.

४. ओझ्याचा हिशेब

सर्वसामान्य समजूत अशी की पॅनल जड असते म्हणून ते पडते. हिशेब करून पाहू. ८ फूट बाय ४ फूट आकाराची, १२ मिलिमीटर जाडीची एमडीएफची फळी सुमारे २७ किलो भरते. तिच्या पाठीला वरपासून खालपर्यंत गोंदाच्या पाच वळ्या ओढल्या आणि दाबल्यावर प्रत्येक वळी १४ मिलिमीटर रुंद झाली, तर गोंदाचे एकूण क्षेत्र सुमारे १,७०० चौरस सेंटिमीटर होते. २७ किलो या क्षेत्रावर वाटले असता दर चौरस सेंटिमीटरच्या वाट्याला अवघे १६ ग्रॅम येतात. बाजारातला साधारण बरा पॅनल-गोंदही घट्ट झाल्यावर याच्या कित्येक पटींनी, किलोंच्या मापाने, ओझे सोसतो. तात्पर्य, वजनाने फळी पडण्याची भीती जवळजवळ निराधार आहे.

मग ती सुटते कशी? भिंतीला समांतर खाली ओढणारे बल सबंध गोंदावर वाटले जाते. परंतु कडेपासून बाहेरच्या बाजूला उचकटणारे बल एका वेळी एका रेषेवरच एकवटते. पाकिटावरचे तिकीट सरकवून निघत नाही, पण कोपऱ्यापासून सोलले तर सहज निघते. वाकडी झालेली फळी आपल्या कडेला असे रात्रंदिवस सोलत असते. म्हणून दुकानातच फळी सपाट जमिनीवर ठेवून पाहावी आणि वाकलेली असेल तर बदलून घ्यावी. गोंदाच्या जोरावर तिला सरळ करण्याची आशा बाळगू नये.

५. ऊन, पाऊस आणि कूलर

वाकणे आणि सोलणे यांचे मूळ पदार्थांच्या प्रसरणात आहे. पीव्हीसीचे ३ मीटर लांबीचे पॅनल घेऊ. हा पदार्थ तापमानाच्या दर अंशाला आपल्या लांबीच्या दर दहा लाख भागांमागे सुमारे ७० भाग वाढतो, विटांची भिंत फार तर ६. जानेवारीतल्या सकाळी बसवलेले पॅनल मे महिन्यात २५ अंशांनी अधिक तापले असे धरले, तर ते ५ मिलिमीटरांहून थोडे अधिक वाढेल, आणि त्याच्या पाठीमागची भिंत अर्धा मिलिमीटरसुद्धा नाही. एका जोखडाला चपळ गोऱ्हा आणि म्हातारा बैल जुंपला म्हणजे ओढाताण दोघांपेक्षा जोखडालाच अधिक सोसावी लागते. इथे जोखड म्हणजे गोंद. तो दगडासारखा कठीण असेल तर तडकेल किंवा रंग उपटून आणील. रबरासारखा लवचीक असेल आणि त्याचा थर दोन मिलिमीटर तरी जाड असेल, तर तो ताणला जाऊन ओढाताण पोटात घालील. सर्वांत कठीण गोंद म्हणजे सर्वांत पक्का गोंद ही समजूत या एका कारणासाठी टाकून दिली पाहिजे. आणि ज्या पश्चिमेच्या भिंतीवर नवतप्याचे ऊन दुपारभर आदळते, बाहेर पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि आतून हात लावला तरी जी रात्री उशिरापर्यंत कोमट लागते, तिथे लांब पीव्हीसी गोंदाने अखंड चिकटवण्यापेक्षा खाचेच्या पट्ट्यांत सरकते बसवणे शहाणपणाचे.

सेवाग्रामला बापूकुटीच्या मातीच्या भिंतीवर मीराबहेन यांनी ताडाची झाडे आणि चरखा उठावात घडवले आहेत. ती नक्षी आणि ती भिंत एकाच मातीची असल्यामुळे तापणे, ओलावणे आणि सुकणे हे सारे दोघींचे एकाच मापाने चालते, आणि मधल्या गोंदाचा प्रश्नच उद्भवत नाही. सजावटीचा हा मार्ग आपण सोडला, म्हणून तर हे प्रकरण लिहावे लागले.

लाकडी जातीचे पॅनल उन्हाने फारसे वाढत नाही, ते पाण्याने वाढते. आणि विदर्भातल्या घराला पावसाळे दोन असतात, हे बाहेरगावच्या माहितीपत्रकांना ठाऊक नसते. एप्रिलमध्ये खिडकीत कूलर बसला की मे अखेरपर्यंत खोलीत ओली हवा अहोरात्र शिरते. बाहेर हवा भट्टीतली, आणि आत कूलरच्या झोताजवळची भिंत हाताला सर्द लागते. त्या भिंतीला एमडीएफ किंवा भुशाची साधी फळी लावली तर कडा फुगतात. इथे भिंतीवरच्या गोंदाइतकाच फळीच्या पोटातला गोंद महत्त्वाचा ठरतो, कारण भुशाची, चिपांची आणि प्लायवुडची प्रत्येक फळी ही स्वतःच गोंदाने बांधलेली वस्तू आहे. युरिया-फॉर्मल्डिहाइडने बांधलेली फळी दमट हवा काही काळ सोसते, पाणी सोसत नाही. फिनॉलच्या राळेने बांधलेली पाणीही सोसते. प्लायवुडवर भारतीय मानक ७१० चा शिक्का असेल तर ते उकळत्या पाण्याच्या कसोटीचे समजावे. ३०३ चा शिक्का असेल तर त्यापुढचे अक्षर वाचावे, कारण त्यात दमट हवेपुरते आणि उकळते पाणी सोसणारे असे दोन्ही प्रकार येतात.

जाता जाता एक गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. कापूस वेचून झाल्यावर जी पऱ्हाटी आपल्याकडे उपटून चुलीत जाते किंवा बांधावर जाळली जाते, तिचे बारीक तुकडे करून, राळेत मिसळून आणि तापत्या दाबाखाली दाबून पार्टिकल बोर्ड तयार करण्याची रीत मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने विकसित केली आहे. या संस्थेचे एक केंद्र नागपुरात आहे. हिंगणघाटच्या आसपास जेवढी पऱ्हाटी दरवर्षी निघते ती पाहता, इथल्या भिंतीला इथल्याच शेतातली फळी लागावी ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.

६. डबे आणि नळ्या

भिंत, हवा आणि पॅनल यांचा विचार झाल्यावर गोंदाची निवड फारशी अवघड राहत नाही.

पांढऱ्या गोंदाविषयी वर आलेच आहे. लाकडी पट्टीवर प्लाय किंवा सनमायका लावायला तो उत्तम. मात्र तो उष्णतेने किंचित मऊ पडतो, म्हणून तापणाऱ्या भिंतीवर सतत ओझे सोसण्याचे काम त्याला देऊ नये.

डब्यातला पिवळसर रबरी गोंद दोन्ही पृष्ठभागांना पातळ लावून, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबून, मग एकदाच आणि अचूक टेकवायचा असतो. टेकवल्यावर सरकवण्याची सवलत नाही. त्याला सपाट भिंत लागते, कारण तो खळगे भरून काढत नाही. त्यातले द्रावक ज्वालाग्राही असते आणि डोके धरणारेही. काम चालू असताना खिडक्या उघड्या, गॅस बंद आणि बिडी बाहेर, हा हुकूम सक्तीने अंमलात आणावा. थर्मोकोल किंवा तशा फोमच्या पॅनलला हा गोंद लावला तर द्रावक पॅनललाच विरघळवून टाकते.

सिलिकॉनला मिस्त्री मंडळींचा लोभ फार. नळी उघडताच व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर ते आम्लधर्मी आहे असे समजावे. सिमेंटच्या गिलाव्यातल्या चुन्याशी त्या आम्लाची क्रिया होऊन पकड कमजोर पडते, आरशाच्या पाठीमागची कलईही ते खराब करते. काचेच्या आणि नळांच्या फटींसाठी ते योग्य, पॅनलसाठी नाही. शिवाय भिंतीवर एकदा सिलिकॉन लागले की तिथे पुढे कोणताही रंग धरत नाही.

आपल्या कामाचा खरा मानकरी म्हणजे नळीतून पिस्तुलाने दाबून काढायचा, लवचीक राहणारा पॅनल-गोंद. वेष्टनावर एमएस पॉलिमर, हायब्रिड किंवा पॉलियुरेथेन असे लिहिलेले असते. तो सिमेंट, लाकूड, पीव्हीसी या सर्वांना धरतो, लहान खळगे भरतो आणि आर्द्रता घेऊन घट्ट होतो, दिवसाला सुमारे २ ते ३ मिलिमीटर खोलीपर्यंत. मे महिन्याच्या कोरड्या हवेत ही मुदत वाढते. थर्मोकोलसाठी यातला द्रावकविरहित प्रकार पाहून घ्यावा.

दोन डब्यांचा इपॉक्सी दगडाच्या किंवा धातूच्या लहान तुकड्यांसाठी राखून ठेवावा. तो अतिशय बळकट पण ताठर असतो, आणि तापमान दहा अंशांनी वाढले की कालवलेले मिश्रण वापरण्याचा अवधी जवळजवळ निम्म्यावर येतो. दगडी फरशा भिंतीला लावायच्या तर सिमेंटी चूर्णाचा गोंद घ्यावा. त्याच्या पोत्यावर भारतीय मानक १५४७७ चा उल्लेख शोधावा.

७. लावण्याची रीत

वळ्या नेहमी उभ्या ओढाव्यात, एकमेकींपासून फूटभर अंतराने. आडव्या वळ्या मागची हवा कोंडतात, ओल आली तर ती वळीवर साचून राहते, आणि आर्द्रतेवर घट्ट होणाऱ्या गोंदाला आतपर्यंत हवा मिळत नाही. मिस्त्री घाईत जे गोळे-गोळे टाकतात त्यांचीही गत तीच: गोळ्याचे पोट आठवडाभर कच्चे राहते. ३०० मिलिलिटरच्या नळीतून ६ मिलिमीटर जाडीची वळी साधारण साडेदहा मीटर निघते. ८ बाय ४ च्या एका फळीला पाच वळ्यांचे १२ मीटर लागतात. म्हणजे फळीमागे एकाहून थोडी अधिक नळी, हा खरेदीचा हिशेब. दोन फळ्यांना एक नळी पुरवणारा कारागीर काटकसर करीत नसून पुढच्या उन्हाळ्याची तजवीज करीत असतो.

फळी टेकवल्यावर हाताने सर्व वळ्यांवरून दाबावी, पण गोंद पार पिळून निघेल इतकी नव्हे. खाली ५ मिलिमीटरची पाचर ठेवावी, म्हणजे फरशी पुसताना पाणी कडेला लागणार नाही, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत आडव्या दांड्याचा टेकू द्यावा. कडांना आणि जोडांना फट सोडून ती झाकपट्टीने लपवावी.

ज्या भिंती तपासणीत नापास झाल्या, मातीच्या, लोणा लागलेल्या, पोपडे धरलेल्या, त्यांवर पॅनल हवेच असेल तर गोंदाचा नाद सोडून वाळवीचे औषध दिलेल्या लाकडी किंवा ॲल्युमिनियमच्या पट्ट्या प्लास्टिकच्या गिट्ट्या आणि स्क्रू यांनी पक्क्या विटेत बसवाव्यात आणि पॅनल त्या पट्ट्यांवर घ्यावे. मागे हवा खेळती राहते हा त्यातला अधिकचा लाभ. निव्वळ मातीच्या भिंतीत तर स्क्रूही धरत नाही. तिथे पट्ट्यांची चौकट जमीन आणि तुळई यांच्या आधाराने उभी करावी लागते, आणि इतका खटाटोप करण्यापेक्षा ती भिंत नीट सारवून ठेवणेच बरे, असे माझे स्पष्ट मत आहे.

राहता राहिला मुहूर्त. आपल्याकडे हे काम हटकून दिवाळीच्या तोंडावर काढले जाते, आणि भिंती तेव्हा नुकत्याच चार महिन्यांच्या पावसातून बाहेर पडलेल्या असतात. मार्गशीर्षापासून माघापर्यंत भिंती सुकलेल्या, ऊन सौम्य आणि कूलर बंद असतो. वर्धेकडे गोंदाला याहून अनुकूल काळ नाही. पाहुणे दिवाळीलाच येणार म्हणून ज्यांना थांबवत नाही त्यांनी त्या भिंतीवर सणापुरता एखादा पडदा सोडावा. चुन्याचा हात मात्र मारू नये, कारण महिन्याभराने पॅनल लावायच्या आधी तोच खरवडत बसावे लागेल.